पाठकोरं

मीटर वाचायला घरात शिरणाऱ्या माणसाला
कुणी पाणी विचारत नाही,
कुणी हटकतही नाही.
बत्तीस वर्षं अमळनेरात मी असाच शिरलो
माजघरांत, न्हाणीमागच्या बोळांत, डाळमिलच्या तुसात.
बॅटरी मारायची ती आकड्यांवर;
पण उजेड जरासा बाजूला सांडायचाच.

तिथं दिसायचे ते.
कणगीच्या झाकणाला आतून चिकटलेली तलवार.
ट्रंकेच्या तळाशी, ठेवणीतल्या लुगड्यांखाली,
डाकूची उजवी मिशी.
झिपरू न्हाव्याच्या आरशामागे पुठ्ठा म्हणून
घाट चढणारी मोटार आणि अर्धा नायक.

मी म्हणायचो, हा जुना कागद द्या, नवं कॅलेंडर देतो.
लोक हसायचे. द्यायचे.
दिवाळीत मंडळाची तेरा कॅलेंडरं मागून घ्यायचो,
साहेबाला वाटायचं, याचं गोत मोठं.

आता एकशे एकेचाळीस आहेत.
गादीखाली, कडुनिंबाचा पाला घालून.
बायको म्हणते, एवढ्या बायांवर निजणारा माणूस
पंचक्रोशीत दुसरा नसेल.

मैद्याची खळ कोमट पाण्यात सुटते.
तीत मोरचूद असेल तर कसर लागत नाही,
पण मग कागद भिंतही सोडत नाही.
म्हणून माझ्याकडचं जे आहे
त्याला भोकं आहेत.

टॉकीज पाडली तेव्हा मागल्या भिंतीचा
एक पोपडा हाती आला, बोटभर जाड.
घंगाळात भिजत घातला.
नऊ शुक्रवार निघाले एकाखाली एक,
सगळ्यात आतला सगळ्यात लाल.

ते सगळे धुडकूनं लावलेले.
सायकल, खांद्यात अडकवलेली शिडी, हँडलला खळीची बादली,
मारवड, कळमसरे, मुडी, परत.
त्याला वाचता येत नव्हतं.
कागद सरळ की उलटा, हे तो चेहऱ्यावरून ठरवायचा.
एका सिनेमात खलनायक पाय वर करून टांगलेला,
तर अख्ख्या मारवडात
सिनेमाचं नाव डोक्यावर उभं.

धुडकू गेल्यावर चार वर्षांनी त्याच्या घरी गेलो.
मीटर माझ्याकडे नव्हतं आता, तरी सवयीनं वर पाहिलं.
मीटरशेजारी एक पूर्ण पोस्टर,
चार खिळ्यांवर,
भिंतीकडे तोंड करून.

पाठीवर शिसपेन्सिल.
पन्नाशीत रात्रीच्या वर्गाला जायचा म्हणे.
वाकडा क. पडलेला क. बसलेला क.
मग स्वतःचं नाव अकरा वेळा,
सातव्यापासून काना उभा राहिलेला.
खाली गावं. मुडीला दीर्घ, खोडून पुन्हा दीर्घ.
सगळ्यात खाली, कागद संपत आला तिथं,
बेबा.

मी एक कोपरा उचलला.
तीच होती ती.
नावातलं पहिलं अक्षर उंदरानं नेलेलं,
बाकी सगळं शाबूत: निळा, जर्द पिवळा,
आणि तिच्या खांद्यामागे बंदरावरचा दिवा.
एकोणीस वर्षं शोधत होतो.

बेबाबाई चुलीपुढनं उठली नाही.
"तुले काय जोयजे? ती बाई ना?
लई जाय तिले.
पण हाई बाजू मनी से."

घरी येऊन मी दोन रद्दी पोस्टरं घेतली,
भिजवली, पातं लावलं.
कागद मधून उभा चिरता येतो असं ऐकलं होतं.
नाही येत. निदान मला नाही.
बायको उंबऱ्यातून बघत होती,
काही बोलली नाही, लगदा भरून नेला.

महिन्याच्या पाच तारखेला जातो.
बेबाबाई आता पाणी विचारते.
खालचा डावा खिळा मी हातानंच काढतो,
कोपरा उचलतो, बॅटरी मारतो,
एक मीटर वाचायला लागतो तेवढाच वेळ.
मग खिळा त्याच भोकात.

वहीत नोंद केली आहे:
एकशे बेचाळीस.
आकार पूर्ण.
स्थिती: जागेवर, भिंतीकडे तोंड.